कोरडी त्वचा की इक्थिओसिस? : वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

त्वचेच्या आनुवंशिक विकारांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत इक्थिओसिसविषयीची, म्हणजे त्वचेवर माशासारखे खवले धरणाऱ्या विकारांविषयीची पत्रे बरीच होती आणि बहुतेकांची अडचण एकच होती : नेमके काय झाले आहे, हे कोणी ठामपणे सांगत नाही. म्हणून या वेळचा भाग उपचारांऐवजी ओळख आणि निदान यांनाच दिला आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. तो सहा-सात महिन्यांचा असल्यापासून त्याच्या नडग्यांवर बारीक, पांढुरके खवले दिसतात. थंडीत ते वाढतात आणि दमट हवेत जवळजवळ नाहीसे होतात. एका डॉक्टरांनी हा साधा कोरडेपणा असल्याचे सांगितले, तर दुसऱ्यांनी कागदावर ‘इक्थिओसिस’ असे लिहिले. दोघांपैकी बरोबर कोण? रक्त तपासून हे नक्की करता येते का?

उत्तर : तुम्ही दिलेल्या वर्णनावरून दुसऱ्या डॉक्टरांचे निदान बरोबर असण्याची शक्यता अधिक वाटते, मात्र मुलाला न पाहता मी ते शिक्कामोर्तब करणार नाही. साधा कोरडेपणा हवामानाने, वारंवार आंघोळीने किंवा कडक साबणाने येतो आणि कारण दूर होऊन काही दिवस मलम लावले की जातो. इक्थिओसिसमध्ये मुळात त्वचेचा सर्वांत वरचा थर तयार होण्याच्या किंवा झडण्याच्या क्रियेतच जन्मजात दोष असतो. त्यामुळे मलमाने खवले कमी झाले, तरी मलम थांबवताच ते त्याच जागी, त्याच रूपात परत येतात. इक्थिओसिस हे एका आजाराचे नाव नसून विकारांच्या एका मोठ्या गटाचे नाव आहे. त्यांपैकी सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे इक्थिओसिस व्हल्गॅरिस. साधारण २५० माणसांमागे एकाला तो असतो, असे मानले जाते. पुष्कळ जण तो घेऊन आयुष्य काढतात आणि आपली त्वचा ‘जरा रखरखीत’ आहे, यापलीकडे त्याला कधी नाव मिळत नाही.

मुलाला चांगल्या उजेडात, कपडे काढून, सावकाश पाहा. खवले कुठे आहेत यापेक्षा ते कुठे नाहीत, याला या प्रकारात जास्त महत्त्व असते. नडग्या, हातांची बाहेरची बाजू आणि पाठ यांवर ते दिसतील. पण कोपराच्या आतली खळगी, गुडघ्यामागची लवण, काखा आणि जांघा मऊ, स्वच्छ राहिलेल्या असतील. त्यानंतर तळहात पाहा. तळहातावरच्या रेषा वयाच्या मानाने जास्त, खोल आणि ठळक दिसत असतील, तर तो फार बोलका पुरावा आहे. दंडांच्या बाहेरच्या बाजूवर आणि मांड्यांवर केसांच्या मुळाशी खरखरीत बारीक पुळ्या लागतात का, हे हात फिरवून पाहा. मुलाला इसब, दमा किंवा वारंवार शिंका येण्याचा त्रास आहे का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण ही तिन्ही दुखणी या विकाराच्या बरोबरीने बऱ्याचदा आढळतात. एक सावधगिरी बाळगावी : इसब असेल, तर ते नेमके कोपराच्या खळगीत आणि गुडघ्यामागेच उमटते. त्यामुळे ‘सांधे मोकळे असतात’ या खुणेचा गोंधळ होतो. तिथे लाली आणि खाज असेल, तर ते इसब समजावे; बाकी अंगावरचे कोरडे खवले इक्थिओसिसचे.

खवले सुरू झाल्याचे वयही तुम्ही नेमके लिहिले आहे. हा प्रकार जन्मतः क्वचितच दिसतो. पहिले काही महिने त्वचा चांगली असते आणि मग हळूहळू खवले उमटू लागतात. जन्माच्या दिवशीच किंवा पहिल्या काही आठवड्यांत खवले असते, तर मी वेगळ्या दिशेने विचार केला असता.

आता आई आणि वडील या दोघांनी स्वतःच्या नडग्या व तळहात डॉक्टरांना दाखवावेत. ‘घरात कोणाला आहे का?’ या प्रश्नाला ‘कोणालाच नाही’ असे उत्तर देणाऱ्या वडिलांचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला की निदान तिथेच होते, असा माझा अनुभव आहे. प्रौढपणी हा विकार बराच निवळतो आणि माणसाला आपल्या त्वचेची सवय होऊन जाते, त्यामुळे ते खोटे बोललेले नसतात.

रक्ताविषयी. २००६ साली हे स्पष्ट झाले की, फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष या विकाराच्या मुळाशी असतो. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असेल, तर त्रास सौम्य असतो किंवा दिसतही नाही. दोन्ही सदोष असतील, तर तो ठळक होतो. जनुक तपासता येते, परंतु त्यात एकसारखे तुकडे पुन्हापुन्हा आलेले असल्याने ते वाचणे तांत्रिकदृष्ट्या किचकट आहे. शिवाय कोणते दोष जास्त आढळतात, हे लोकसमूहागणिक बदलते. युरोपीय लोकांत नेहमी सापडणारे दोन-चार दोषच शोधणारी चाचणी आशियाई कुटुंबात ‘दोष नाही’ असा अहवाल देऊ शकते आणि तो अहवाल दिशाभूल करणारा असतो. तुमच्या मुलाबाबत, अंगावरच्या खुणा जुळत असतील तर, मी ही चाचणी करायला सांगणार नाही. तिच्या उत्तराने उपचारांत काहीही बदल होणार नाही.

प्रश्न : हा विकार संसर्गजन्य आहे का? शाळेतून विचारणा झाली आहे.

उत्तर : नाही. कोणताही इक्थिओसिस स्पर्शाने, कपड्यांमधून किंवा पोहण्याच्या तलावातून पसरत नाही. शाळेने लेखी मागितले, तर त्वचारोगतज्ज्ञ तसे पत्र देतात.

प्रश्न : मी चौतीस वर्षांचा आहे. लहानपणापासून माझी मान, पोटाच्या बाजू आणि पाय यांवर तपकिरी-काळसर, मोठे खवले आहेत. मान नेहमी मळकट दिसते आणि त्यावरून बोलणी खाल्ली आहेत. माझ्या मामालाही हेच आहे. आई आणि बहीण मात्र पूर्णपणे निरोगी आहेत. मला ‘इक्थिओसिस व्हल्गॅरिस’ असे निदान मिळाले होते. बहिणीला आता पहिला महिना आहे, म्हणून विचारतो : तिच्या बाळाला हे होईल का?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती त्वचेविषयीची नसून मामांविषयीची आहे. मामा आणि भाचा बाधित, मधली स्त्री निरोगी, हा नकाशा एक्स गुणसूत्रावरून उतरणाऱ्या विकाराचा आहे. मुलग्यांकडे एक्स गुणसूत्र एकच असते, म्हणून त्यावरचा दोष लपत नाही. स्त्रीकडे दोन असतात, म्हणून ती दोष वाहून नेते आणि तिची स्वतःची त्वचा बहुधा चांगली असते. या प्रकाराला एक्स-संलग्न इक्थिओसिस म्हणतात. तो साधारण २००० ते ६००० मुलग्यांमागे एकाला होतो आणि त्याची व व्हल्गॅरिसची सरमिसळ वारंवार होते. १९६०च्या दशकात हे दोन प्रकार एकमेकांपासून नीट वेगळे करण्यात आले आणि १९७८ साली एक्स-संलग्न प्रकाराचे कारण हाती आले : स्टिरॉइड सल्फटेज या एन्झाइमचा अभाव. हे एन्झाइम नसले की, कोलेस्टेरॉल सल्फेट त्वचेच्या वरच्या थरात साठून राहते आणि मृत पेशी वेळेवर सुटत नाहीत.

दोन्ही प्रकार अंगावर पाहून वेगळे ओळखता येतात. तुमचे खवले मोठे, गडद आणि घट्ट चिकटलेले आहेत. व्हल्गॅरिसचे बारीक आणि फिकट असतात. तुमची मान आणि कानांपुढची त्वचा बाधित असेल; व्हल्गॅरिसमध्ये मान सहसा मोकळी राहते. तुमचे तळहात साधारण असतील, त्यांवर जादा रेषा नसतील. आईला दोन गोष्टी विचारा : तुम्हाला पहिल्या काही आठवड्यांत सर्वांगावर पोपडे सुटले होते का आणि तुमच्या वेळचे बाळंतपण लांबले होते का? हे एन्झाइम वारेतही नसल्याने गरोदरपणात आईच्या रक्तातील एस्ट्रिऑल हे संप्रेरक फार कमी राहते आणि कळा उशिरा सुरू होणे किंवा पुढे न सरकणे, असे घडू शकते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाची ही आठवण निदानाला नेमका आधार देते.

नेत्रतज्ज्ञांकडून एकदा स्लिट-लॅम्प तपासणी करून घ्या. पारदर्शक पटलाच्या मागच्या भागात बारीक धूसर ठिपके दिसले, तर निदानाला पुष्टी मिळते. त्यांनी दृष्टी कमी होत नाही. या विकारात वृषण खाली न उतरण्याचे प्रमाण सामान्यांपेक्षा जास्त असते; लहानपणी तशी शस्त्रक्रिया झाली असल्यास सांगा. वासच येत नसेल किंवा वयात येण्यास फार उशीर झाला असेल, तर तेही लपवू नका, कारण गुणसूत्राचा तुटलेला तुकडा मोठा असला, तर शेजारची जनुकेही त्याबरोबर गेलेली असतात.

सुमारे ९० टक्के बाधितांमध्ये हे जनुक बिघडलेले नसते, तर पूर्णच गळालेले असते. त्यामुळे योग्य चाचणी म्हणजे गळालेला तुकडा शोधणारी चाचणी : क्रोमोसोमल मायक्रोॲरे किंवा एमएलपीए. ती प्रथम तुमची करावी, बहिणीची नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. स्त्रीमध्ये दुसऱ्या गुणसूत्रावर जनुकाची चांगली प्रत असते आणि केवळ अक्षरक्रम वाचणारी साधी चाचणी ती प्रत वाचून ‘सर्व ठीक’ असे सांगते, गळालेली प्रत तिला दिसतच नाही. तुमच्यातील दोष कोणता आणि केवढा हे कळले, की बहिणीच्या रक्तात नेमका तोच शोधता येतो.

तुमची आई निश्चितपणे वाहक आहे, कारण तिचा भाऊ आणि मुलगा असे दोघे बाधित आहेत. बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी. ती वाहक असेल, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला विकार होण्याची शक्यता पुन्हा निम्मी. मुलींना होणार नाही, त्या वाहक असू शकतात. तुमच्याबाबत सांगायचे तर तुमच्या सर्व मुली वाहक होतील आणि मुलगे पूर्णपणे मोकळे राहतील. माझ्या मते केवळ त्वचेच्या या त्रासासाठी गर्भाची चाचणी करण्याचे कारण नाही, मात्र तो निर्णय तिचा आहे. तिच्या प्रसूतितज्ज्ञांना हा वंशवृक्ष आजच कळला पाहिजे : एक तर कळांच्या बाबतीत ते सावध राहतील, दुसरे म्हणजे गरोदरपणातील रक्तचाचणीत एस्ट्रिऑल कमी आले, तर गुणसूत्रांच्या इतर गंभीर दोषांच्या भीतीने घबराट होणार नाही.

वंशवृक्षाविषयी एक जुनी हकिकत सांगण्याजोगी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लॅम्बर्ट नावाच्या कुटुंबातील काट्याळ त्वचेच्या एका मुलाला १७३१ साली रॉयल सोसायटीसमोर सादर करण्यात आले. पुढे त्या घराण्यातील केवळ पुरुषांनाच आणि बापाकडून मुलालाच हा विकार होतो, अशी माहिती ग्रंथांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवली गेली आणि वाय गुणसूत्रावरील आनुवंशिकतेचे उदाहरण म्हणून शिकवली गेली. १९५८ साली लायनेल पेनरोझ आणि कर्ट स्टर्न या दोन शास्त्रज्ञांनी मूळ नोंदी तपासल्या, तेव्हा तो दावा टिकला नाही. कुटुंबाची माहिती सांगताना ‘आमच्यात फक्त पुरुषांनाच होते’ असे मोघम न सांगता प्रत्येक व्यक्ती मोजून सांगावी, हे मी रुग्णांना याच उदाहरणाने पटवतो.

प्रश्न : आमचे बाळ जन्मले तेव्हा त्याच्या अंगावर चकचकीत, ताणलेला, पारदर्शक पापुद्रा होता, पापण्या बाहेर वळलेल्या होत्या. डॉक्टर ‘कोलोडियन बेबी’ म्हणतात, पण पुढे काय होईल हे काही आठवड्यांनीच सांगता येईल म्हणतात. निदान झाले आहे असे समजावे की नाही?

उत्तर : अजून झालेले नाही आणि डॉक्टर तुम्हाला टाळत नाहीत. कोलोडियन पापुद्रा ही जन्माच्या वेळची एक अवस्था आहे. तिच्या आड वेगवेगळे विकार असू शकतात आणि पहिल्या दिवशी सगळी बाळे सारखीच दिसतात. पापुद्रा साधारण दोन ते चार आठवड्यांत सुटतो आणि त्याखालून येणारी त्वचा खरे रूप दाखवते. मोठे, गडद, पत्र्यांसारखे खवले राहिले, तर लॅमेलर इक्थिओसिस. लालसर अंगावर बारीक पांढरा कोंडा राहिला, तर जन्मजात इक्थिओसिफॉर्म एरिथ्रोडर्मा. काही बाळांची, दहांतील सुमारे एकाची, त्वचा जवळपास निरोगी होऊन जाते. आणखी एक दुर्मीळ रूप असे की, हातपाय स्वच्छ होतात आणि खवले फक्त धडावर राहतात, कारण त्या मुलांतील सदोष एन्झाइम शरीराच्या उबदार भागात काम सोडते आणि थंड भागात करत राहते.

या आठवड्यांत निदानापेक्षा बाळाला सांभाळणे मोठे असते. भेगाळलेल्या त्वचेतून पाणी आणि उष्णता वेगाने निसटते, रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते, जंतुसंसर्ग सहज होतो. म्हणून बाळ दमट काचपेटीत असते, रक्त वारंवार तपासले जाते आणि डोळ्यांत मलम घातले जाते. पापुद्रा ओढून काढू नये. सॅलिसिलिक ॲसिड असलेले कोणतेही मलम अशा बाळाला लावू नये. ते त्वचेतून रक्तात शिरते.

वाट पाहत असतानाच करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे रक्ताची साधी स्लाइड. पांढऱ्या पेशींमध्ये चरबीचे रिकामे दिसणारे थेंब आढळले, तर यकृत आणि स्नायूंनाही बाधणारा चॅनारिन-डॉर्फमन हा विकार लक्षात येतो. ही तपासणी कोणत्याही प्रयोगशाळेत होते आणि तरीही ती हमखास विसरली जाते. तुम्ही आठवण करून द्या. जन्मानंतर लगेच थेंब दिसले नाहीत, तर काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे इक्थिओसिसच्या अनेक जनुकांची एकत्रित चाचणी. तिचा निकाल यायला आठवडे लागतात, म्हणून नमुना आताच पाठवणे शहाणपणाचे. ट्रान्सग्लुटामिनेज-१ या एन्झाइमच्या जनुकातील दोष या गटात सर्वाधिक आढळतो, पण तो एकटाच तपासून थांबू नये.

तुमच्या दोघांच्या कुटुंबांत असे कोणी नव्हते, याने गोंधळू नका. यांतील बहुतेक प्रकारांत आई आणि वडील दोघेही प्रत्येकी एक सदोष प्रत बाळगून असतात आणि स्वतः निरोगी असतात. रक्तनात्यातील लग्नात असे जुळून येण्याची शक्यता वाढते, पण ते नाते नसतानाही जुळून येते. तसे असल्यास पुढच्या प्रत्येक गरोदरपणात शक्यता चारांत एक. पुढील गरोदरपणाचा विचार असेल, तर त्याआधी या बाळातील नेमका दोष कागदावर असणे आवश्यक आहे. निदानाची खरी घाई असलीच, तर ती या कारणासाठी असते.

प्रश्न : माझ्या मुलीच्या त्वचेचा तुकडा काढून तपासला. अहवालात ‘इक्थिओसिसशी सुसंगत’ एवढेच आहे. पुन्हा बायोप्सी करावी का?

उत्तर : बहुतेक प्रकारांत करू नये. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचा वरचा थर जाड झालेला दिसतो आणि तो जवळपास सर्वच प्रकारांत जाड असतो. लहान मुलावर व्रण ठेवून इतकेच कळणार असेल, तर मी ती बायोप्सी टाळतो.

एक ठळक अपवाद आहे. जन्मतः अंगावर फोड आणि सोललेल्या जागा होत्या आणि पुढे सांध्यांच्या वळणांत काट्याळ, घाण वास येणारे थर धरू लागले, असा इतिहास असेल, तर तो एपिडर्मोलिटिक इक्थिओसिस असू शकतो. पहिल्या दिवसांत त्याला एपिडर्मोलिसिस बुलोसा, म्हणजे फोडांचा आनुवंशिक विकार, समजले जाते. इथे बायोप्सी उपयोगी पडते, कारण पेशींचे विशिष्ट प्रकारे विरघळणे तुकड्यात स्पष्ट दिसते. दोष केराटिन-१ किंवा केराटिन-१० या प्रथिनांच्या जनुकात असतो. अशा बाळाच्या आईवडिलांच्या अंगावर लहानपणापासूनचा खरखरीत, तपकिरी पट्टा आहे का, हे मुद्दाम पाहावे. असा पट्टा म्हणजे केवळ काही पेशींत असलेला तोच दोष असू शकतो, आणि तो बीजपेशींतही असेल, तर मुलाला पूर्ण स्वरूपात मिळतो. पट्ट्याची बायोप्सी हा त्याचा पुरावा. पट्टा असलेली व्यक्ती ‘ही तर जन्मखूण आहे’ म्हणून सांगतच नाही.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाचे सर्वांग जन्मापासून लाल आहे आणि पोपडे सुटतात. इसबाचे उपचार सुरू आहेत, फरक नाही. केस आखूड आणि तुटके आहेत, वजन वाढत नाही. आनुवंशिक काही असेल का?

उत्तर : जन्मापासूनची लाली, तुटणारे केस आणि न वाढणारे वजन, ही तीन लक्षणे एकत्र आली की इसब हे निदान बाजूला ठेवावे. इसब सहसा पहिल्या दिवसापासून नसते. मला नेदरटन सिंड्रोमची शंका येते. डोक्याचे आणि भुवयांचे काही केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. केसावर बांबूच्या पेरांसारख्या गाठी दिसल्या, तर शंका जवळजवळ खात्रीत बदलते. भुवयांचे केस मुद्दाम सांगितले, कारण डोक्याच्या केसांत गाठी न सापडता भुवयांत सापडतात, असे बऱ्याचदा होते. पहिल्या वर्षात केस चांगले असू शकतात, म्हणून एकदा काही मिळाले नाही तरी तपासणी पुन्हा करावी. रक्तातील आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड, बहुधा फार वाढलेले असते, पण ते तीव्र इसबातही वाढते. त्यावर विसंबू नये. खात्री स्पिंक-५ या जनुकाच्या चाचणीने होते. तोपर्यंत टॅक्रोलिमसचे, म्हणजे इसबासाठी दिल्या जाणाऱ्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे, मलम लावले जात असेल, तर डॉक्टरांशी लगेच बोला. नेदरटनच्या त्वचेतून ते औषध मोठ्या प्रमाणात रक्तात जाते.

प्रश्न : माझे वय बावन्न. गेल्या दीड वर्षात पायांवर आणि धडावर खवले धरू लागले. पूर्वी कधी नव्हते आणि घरात कोणालाही नाही. उतारवयात आनुवंशिक विकार सुरू होऊ शकतो का?

उत्तर : प्रौढपणी प्रथमच आलेला इक्थिओसिस मी आनुवंशिक धरत नाही, आतल्या आजाराचा शोध घेतो. वय वाढल्यावर थोडा कोरडेपणा सर्वांनाच येतो, परंतु तुम्ही लिहिता तसे धडावर पसरलेले स्पष्ट खवले त्यात बसत नाहीत. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा एक कर्करोग, हे याचे प्रसिद्ध कारण आहे. थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचा जुना आजार, सार्कॉइडोसिस (फुप्फुसे, त्वचा इत्यादी अवयवांत सुजेच्या बारीक गाठी धरणारा आजार), एचआयव्ही, कुष्ठरोग आणि अन्नशोषणातील बिघाड ही इतर कारणे. औषधांमध्ये क्लोफॅझिमीन आणि निकोटिनिक ॲसिड यांची नोंद घ्यावी. डॉक्टरांनी मान, काखा आणि जांघेतील गाठी चाचपून पाहाव्यात, वजन आणि ताप यांविषयी विचारावे, त्वचेवर बधिर चट्टे आहेत का ते तपासावे, आणि रक्ताची सर्वसाधारण मोजणी, थायरॉइड, मूत्रपिंड व यकृत यांच्या चाचण्या, एचआयव्ही चाचणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्यावा. हे सारे महिनाभर लांबणीवर टाकू नये.

उशिरा दिसणारा एक आनुवंशिक विकार आहे, तो म्हणजे रेफ्सम आजार. त्यात खवल्यांच्या आधी किंवा बरोबर रात्री कमी दिसणे, वास न येणे, चालताना तोल जाणे आणि हातापायांना मुंग्या येणे, अशी लक्षणे असतात. रक्तातील फायटॅनिक ॲसिड मोजून तो ओळखता येतो. दुर्मीळ असला, तरी आहारातून हे आम्ल कमी करून तो आटोक्यात ठेवता येतो, म्हणून तुम्हाला अंधारात अडखळायला होत असेल तर ही चाचणी मागा.

प्रश्न : मुलीच्या जनुकीय चाचणीच्या अहवालात ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ आढळल्याचे लिहिले आहे. याचा अर्थ तिला विकार आहे की नाही?

उत्तर : त्या ओळीचा अर्थ एवढाच की, प्रयोगशाळेला जनुकात एक वेगळेपण दिसले आणि ते अपायकारक की निरुपद्रवी, हे ठरवण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही. प्रत्येक माणसाच्या जनुकांत अशी वेगळेपणे असतात. त्या बदलाच्या आधारे निदान करू नये, ते रद्दही करू नये आणि पुढच्या गरोदरपणात गर्भाची चाचणी तर मुळीच करू नये.

पुढची पायरी सहसा सोपी असते. आई आणि वडील दोघांचे रक्त घेऊन तोच बदल त्यांच्यात आहे का, हे पाहतात. विकार दोन सदोष प्रतींमुळे होणारा असेल आणि मुलीतील दोन बदलांपैकी एक आईकडून व दुसरा वडिलांकडून आलेला निघाला, तर पुराव्याचे वजन वाढते. दोन्ही एकाच पालकाकडून आले असतील, तर ते एकाच प्रतीवर आहेत आणि मग विकाराचे स्पष्टीकरण त्यांतून मिळत नाही. प्रबळ पद्धतीने उतरणाऱ्या, म्हणजे एका सदोष प्रतीनेही दिसणाऱ्या विकारात तोच बदल निरोगी वडिलांमध्ये सापडला, तर तो निरुपद्रवी असण्याची शक्यता वाढते. म्हणूनच त्वचेचे वर्णन आणि छायाचित्रे नमुन्यासोबत प्रयोगशाळेला पाठवणे आवश्यक असते. नुसते ‘त्वचारोग’ असे लिहून पाठवलेल्या रक्तातून असेच अर्धवट अहवाल येतात. अहवालाची मूळ प्रत जपून ठेवा आणि एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला त्याच बदलाचे पुन्हा मूल्यमापन करायला सांगा. नवीन रुग्णांची माहिती जमा होते तसे असे बदल एका किंवा दुसऱ्या बाजूला सरकतात. त्यासाठी रक्त पुन्हा द्यावे लागत नाही.